आरशातले पाचशे वीस

कारखान्यात आमच्या विभागाला सगळे ‘पाळणा’ म्हणतात. पाटीवर एक भारदस्त नाव आहे, पण ते पाटीपुरतंच. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या आम्ही बायका एका लांब टेबलाशी बसतो आणि शेजारच्या खोलीत आमची पोरं असतात. मान जरा वळवली की दाराच्या काचेतून आपलं मूल दिसतं. झोपलेलं, रांगणारं, नाहीतर दुसऱ्याच्या मुलाचा कान ओढणारं. माझी गुंडी बहुतेक वेळा कान ओढणाऱ्यांत सापडते.

आमचा कारखाना खिशात मावतील असे कॅल्क्युलेटर बनवतो. बटण दाबलं की काळ्या पट्टीत लाल आकडे पेटतात. पहिल्यांदा बघितले तेव्हा मला वाटलं होतं, हात लावला तर चटका बसेल. गेल्या वर्षी काढलेलं तपकिरी मॉडेल मात्र काही केल्या खपलं नाही. दिसायला वीट, वजनालाही वीट. दुकानांतून खोकीच्या खोकी परत आली. ती भंगारात जायची, तेवढ्यात विक्रीखात्याच्या साहेबांच्या डोक्यात आलं, पुरुषांनी नाही घेतली ना, मग बायकांना विकू.

आतलं यंत्र तेच, अंगडं तेवढं नवं. गुलाबी रंग, गोल कडा, पावडरच्या डबीसारखं उघडणारं झाकण, झाकणात आरसा आणि बाजूला नाजूक सोनेरी साखळी. सगळं पुसून टाकायच्या बटणावर पूर्वी एक अक्षर होतं, तिथे आता फूल आलं.

“म्हणजे फुलावर बोट ठेवलं की सगळं शून्य,” जुळ्यांची आई म्हणाली. ती माझ्या उजवीकडे बसते आणि तिची जीभ तिच्या हातापेक्षा जलद चालते. “आमच्या लग्नात असंच झालं होतं.”

तपकिरी विटेचे स्क्रू काढायचे, आतली पट्टी तारांसकट अलगद उचलायची, गुलाबी डबीत बसवायची, सगळी बटणं दाबून बघायची, पुन्हा स्क्रू आवळायचे, एवढंच काम. या कामाला ‘नांदायला पाठवणं’ हे नाव जुळ्यांच्या आईनंच दिलं. “जुन्या घरातून उचला, नव्या घरात बसवा, आणि वर म्हणा, छान दिसतेस हो! आत काय चाललंय ते कोण बघतंय?”

आत काय चाललंय ते बघणारी एक व्यक्ती होती. आमच्या पासबाई.

पासबाई आमच्या मुकादम. डबी तयार झाली की त्यांच्या पुढ्यात जायची. त्या प्रत्येक बटण दाबायच्या, डबी कानाशी धरून हलवायच्या, झाकण दहा वेळा उघडमीट करायच्या. मग लाल लाखेच्या बाटलीतला बारीक ब्रश घेऊन मागच्या स्क्रूवर एक ठिपका द्यायच्या आणि म्हणायच्या, “पास.” तो ठिपका वाळला की स्क्रू सैल होत नाही, आणि कुणी मधे डबी उघडली तर लगेच कळतं. पण आमच्या लेखी तो ठिपका म्हणजे पासबाईंचा शब्द. मनात शंका असताना त्यांनी कधी ठिपका दिला नाही. एकदा खुद्द कारखान्याचे मालक घाई करत शेजारी उभे होते, तरी बाईंनी शांतपणे डबी बाजूला ठेवली. “ही नापास,” म्हणाल्या. “हिचं साताचं बटण हट्टी आहे.” मालक निघून गेले.

एका सकाळी साहेब खाली आले आणि टेबलाच्या टोकाशी उभे राहिले. साहेब तसे वाईट नाहीत, पण त्यांच्या अंगात नेहमी दुसऱ्याच कुणाची तरी घाई शिरलेली असते.

“उद्या मोठ्या दुकानांच्या खरेदीच्या मॅडम येतायत,” ते म्हणाले. “त्यांची दुकानं जवळजवळ प्रत्येक शहरात आहेत. त्यांनी गुलाबी डबी घेतली तर आपली चांदी. नाही घेतली, तर...”

“तर?” पासबाईंनी विचारलं.

“तर हा विभाग चालवण्यात अर्थ नाही, बाई. मुलांची खोली, दिवसपाळी, हे सगळं या डबीच्या जिवावर आहे. मग सगळ्यांना पुन्हा फिरत्या पाळीत जावं लागेल.”

टेबलावरचे सगळे स्क्रू-ड्रायव्हर एकदम थांबले.

फिरती पाळी म्हणजे रात्रपाळी आलीच, आणि रात्री मुलांची खोली बंद. माझा नवरा बेकरीत कामाला. त्याचा दिवस सगळे झोपले की सुरू होतो आणि पहाटेचे पाव भट्टीतून निघाले की संपतो. दोघंही रात्री बाहेर गेलो तर गुंडीला कोण बघणार? माझी आई दुसऱ्या गावी, सासूबाई कधीच गेल्या. म्हणजे काम सोडायचं. तसं सोडता आलंही असतं, उपाशी मेलो नसतो. पण बाळंतपणानंतर घरात एकटीनं काढलेले ते महिने मला आठवतात. दिवसभर मी तोंडातून एक अख्खं वाक्य काढत नव्हते. या टेबलाशी परत बसले तेव्हा पहिल्या दिवशी पहिला स्क्रू हातात घेतला आणि हातांनाच आठवलं की त्यांना काहीतरी येतं. ते मला पुन्हा गमवायचं नव्हतं.

“डबी दाखवायला एक बाई हवी,” साहेब म्हणाले. “हात चांगले दिसणारी. जरा हात दाखवा बघू सगळ्यांनी.”

“भविष्यसुद्धा सांगणार का, साहेब?” जुळ्यांच्या आईनं विचारलं.

साहेबांनी माझे हात निवडले. सगळ्या हसल्या, कारण आमच्या घरी पीठ मळायचं काम नवऱ्याकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“आणि नखं रंगवा,” जाताजाता साहेब म्हणाले. “लाल. जाहिरातीत आहेत तशी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तशीच आले, बिनरंगाची. रात्रभर गुंडी रडत होती. दात येत होते, अंग कोमट होतं, आणि मला नखांची आठवणसुद्धा राहिली नव्हती. पासबाईंनी माझ्या हातांकडे एकदा पाहिलं, मला स्टुलावर बसवलं आणि लाखेची बाटली उघडली.

“अहो, ही स्क्रूची!”

“मग? बाटलीवर काय लिहिलंय वाच.”

वाचलं. नेलपॉलिशच होतं. कारखाना ते खोक्यानं विकत आणतो हे मला आजवर माहीतच नव्हतं. बाईंनी माझा अंगठा धरला आणि त्याच बारीक ब्रशनं, जीभ दातांत धरून, एकेक नख रंगवायला घेतलं. घासूनपुसून वाळवलेल्या भांड्यासारखा त्यांचा हात, कोरडा आणि उबदार.

“माझ्या वेळी ही खोली नव्हती,” माझ्या नखाकडेच बघत त्या म्हणाल्या. “मुलाला शेजारणीकडे ठेवून यायचे. ती चांगली होती बिचारी. पण तो पहिलं पाऊल टाकताना मी इथे होते, ते तिनं पाहिलं. संध्याकाळी मला सांगत होती, अगं काय सांगू, असा डुलत डुलत आला! मी म्हटलं, हो का.” त्यांनी करंगळी पुरी केली. “आता मोठा झालाय. जहाजावर असतो. फुंकर मार.”

मी फुंकर मारली.

“पास,” त्या म्हणाल्या.

वरून बोलावणं आलं आणि नेमकं त्याच वेळी गुंडीनं आकाशपाताळ एक केलं. पोरं सांभाळणाऱ्या मावशींच्या कडेवर ती अंगाची कमान करून मागे पडत होती. मला पाहिल्यावर तर तिनं दोन्ही हात पसरले आणि चेहरा असा केला की जणू मी तिला बाजारात विसरून आले होते.

“तू चल,” पासबाईंनी तिला मावशींकडून घेतलं. “हिला मी घेते.”

“वर?”

“मग काय, जिन्यात ठेवू? मागे उभी राहीन. तू दिसलीस की गप्प बसेल.”

दाखवायची खोली पहिल्या मजल्यावर आहे. काचेचं टेबल, बुटका सोफा, भिंतीवर जाहिरात. त्यात एक लांब नखांचा हात गुलाबी डबी धरून होता. त्या हाताच्या मालकिणीनं आयुष्यात काही पकडलं असेल असं वाटत नव्हतं. मॅडम सोफ्यात बसल्या होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, जाडजूड, बूट अर्धे काढून पाय मोकळे केलेले. सोफा इतका खोल की त्यांची हनुवटी जवळजवळ टेबलाच्या पातळीला आली होती.

पासबाई गुंडीला घेऊन माझ्या मागून आत शिरल्या तसे साहेबांचे डोळे मोठे झाले.

“बाळ इथे कुणी आणलं?”

“मी आणलं,” पासबाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. झाडाला विचारावं, तू इथे कसं, आणि झाडानं उत्तर द्यावं, तशा सुरात.

मॅडमनी नुसतं वळून बघितलं. “असू दे. चला, दाखवा.”

मी डबी उघडली, झाकण उभं केलं, साहेबांनी पढवलेलं सगळं बोलले. पर्समध्ये मावते, हातात शोभते, एकाच वेळी हिशोबही बघा आणि स्वतःलाही. शेवटचं वाक्य बोलताना माझे कान तापले. मॅडमनी डबी आपल्याकडे ओढून घेतली.

“बोलणं पुरे. मला चालवून बघू दे.” त्या एका बोटानं बटणं दाबू लागल्या. “समजा, पंचवीस डझन शर्टाची बटणं घेतली, दहाच्या भावानं. पंचवीस दाहे अडीचशे. हे मला तोंडपाठ आहे. आता बघू तुमची डबी काय म्हणते ते.” त्यांनी शेवटचं बटण दाबलं, बघितलं, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. “पाचशे वीस.”

“काय?” साहेब म्हणाले.

“पाचशे वीस म्हणतेय.”

साहेब त्यांच्या डोक्यावरून वाकले. “नाही हो, मॅडम. अडीचशेच आहेत. दोन, पाच, शून्य.”

“मला आकडे वाचता येतात. पाच, दोन, शून्य.”

“माफ करा, पण दोन...”

“तुम्ही मला शिकवू नका. मी आकड्यांवरच पोट भरते.”

साहेबांनी फूल दाबलं. पुन्हा तोच गुणाकार. मॅडम म्हणाल्या पाचशे वीस, साहेब म्हणाले अडीचशे. एकाच खोलीत, एकाच डबीकडे बघून. साहेबांना घाम फुटला. त्यांनी कपाटातून दुसरी डबी काढून टेबलावर उघडली. त्यांनी वाचलं अडीचशे, मॅडमनी वाचलं पाचशे वीस. तिसरी काढली. तेच. मला उभ्यानं अडीचशे दिसत होते, पण समोर बसलेली बाई तर खोटं बोलत नव्हती. तिला खोटं बोलून मिळणार काय होतं?

मी मागे बघितलं. पासबाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. रंगच गेला होता. त्या तिन्ही डब्यांच्या पाठीवर त्यांच्या हातचा ठिपका होता. खाली गोदामात थप्प्याच्या थप्प्या होत्या, तिथेही.

मॅडमनी पाय बुटात सारले. “रंग छान आहे. पण पंचवीस दाहे पाचशे वीस सांगणारी डबी मी माझ्या गिऱ्हाइकांना विकू? उद्या दारात उभ्या राहतील माझ्या.”

“मला बघू द्या,” पासबाई पुढे आल्या. आवाज कसानुसा. “मी स्वतः बघितलेली आहे ती. प्रत्येक बटण.” गुंडी कडेवरच होती. बाई टेबलावर वाकल्या तशी गुंडीही वाकली.

गुंडीला लाल दिसलं. तिला कुठलीही चमकणारी गोष्ट दिसली की ती आपलीच आहे अशी तिची पक्की समजूत. तिनं हात लांबवला आणि फाडकन पंजा मारला. आकड्यांच्या पट्टीवर नाही, झाकणातल्या आरशावर. ओला, लाळेनं भरलेला, पाची बोटं पसरलेला पंजा. आणि तो तिथेच ठेवून ती विजयानं माझ्याकडे बघू लागली.

“अगं बाळा, हात काढ, मला दिसत नाहीये,” मॅडम म्हणाल्या आणि बघायला म्हणून सोफ्यातून कष्टानं पुढे सरकल्या, मान उंच केली. मग थांबल्या.

“अडीचशे,” त्या हळूच म्हणाल्या.



त्यांनी गुंडीचं मनगट धरून पंजा बाजूला केला, सोफ्यात मागे टेकल्या. “पाचशे वीस.” पुन्हा पुढे आल्या. “अडीचशे.” आणि त्या हसायला लागल्या. आधी नाकातून, मग पोटातून, शेवटी डोळे पुसत.

मीही खाली बसून बघितलं. सोफ्याच्या उंचीवरून पट्टीतले आकडे विझल्यासारखे दिसत होते. ते सरळ वरूनच वाचता येतात. पण आरशात मात्र तेच आकडे लखलखीत, मोठे, डोळ्यांसमोर. आणि आरशात पडले की वरचं खाली, खालचं वर. आमचे आकडे काड्या जुळवल्यासारखे असतात. तसल्या दोनचं प्रतिबिंब म्हणजे नेमका पाच, आणि पाचचं नेमका दोन. शून्य बिचारं कसंही बघा, शून्यच. चार, सहा, सात, नऊ आरशात जरा वेडेवाकडे दिसतात, चटकन कळतं. हे दोघे मात्र एकमेकांचे कपडे घालून येतात, आणि डोळ्यांत डोळे घालून फसवतात. आम्ही उभ्यानं तपासलं होतं. साहेबांनी उभ्यानं दाखवलं होतं. बसलेल्या माणसाला डबी कशी दिसते, हे बसल्याशिवाय कुणाला कळणार होतं?

“म्हणजे मीही बरोबर,” मॅडम म्हणाल्या.

“आणि मीही,” साहेब म्हणाले, इतक्या सुटकेच्या आवाजात की मला त्यांची दया आली.

पासबाईंनी गुंडीला छातीशी घट्ट धरलं होतं. गुंडीनं त्यांच्या कानातलं ओढलं तरी त्यांना कळलं नाही.

“पण असं चालायचं नाही,” मॅडमनी डबी मिटली. “माझ्या गिऱ्हाइकिणी बसल्या बसल्याच हिशोब करतात. हा आरसा काढा.”

“आरसा?” साहेब कळवळले. “पण मग यात बायकांचं असं काय राहिलं?”

“बाई राहिली की,” मॅडम म्हणाल्या. “आरसा माझ्या पर्समध्ये आहे. एक घरी आहे. एक गाडीत आहे. मला हिशोब हवाय. रंग राहू दे, रंग मला आवडला. तुमचं ते फूलही राहू दे.” त्यांनी दुसरा बूट चढवला. “आरसे काढून द्या, मी सगळ्या दुकानांत थोड्या थोड्या ठेवून बघते. खपल्या तर आणखी घेईन.”

निघताना त्या गुंडीपाशी थांबल्या आणि तिचा तो चिकट पंजा हातात घेऊन हलवला, एखाद्या भागीदाराशी हलवावा तसा.

दार लागलं. मी भिंतीला टेकले. वाटलं, सुटलो.

पण साहेबांच्या अंगात घाई परत शिरली होती. येरझाऱ्या घालत ते मोठ्यानं विचार करू लागले. “गोदामातल्या सगळ्या डब्यांचे आरसे काढायचे. ठीक आहे. दिवसा एक तुकडी, रात्री दुसरी, दोन्ही पाळ्यांना लावू. महिन्याभरात फडशा. पुढच्या डब्या बिनआरशाच्याच येतील, त्या मोठ्या लाईनवर होतील. म्हणजे बाई, तसा तुमचा विभाग नंतर...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती.

मी पासबाईंकडे बघितलं. त्या गुंडीच्या मुठीतून आपलं कानातलं सोडवत होत्या.

“रात्रपाळीत नाही जमणार,” त्या म्हणाल्या.

“का?”

“आरसा चिकटवलेला आहे. गरम हवा मारून, मागून दोरा ओढून काढावा लागेल. झाकणाला चरा पडतो. तो चरा दिव्यात दिसत नाही, साहेब. दिवसाच्या उजेडातच दिसतो. रात्री काढलेल्या डब्या सगळ्या चरे पडून जातील आणि मॅडम परत पाठवतील.”

“खरंच?”

“मी पास करणार नाही त्या,” पासबाई म्हणाल्या.

साहेबांनी हात वर केले. पासबाईंशी वाद घालून कुणी काही मिळवल्याचं कारखान्यात कुणाला आठवत नाही. “आणि दिवसपाळीत किती दिवस लागतील?”

“लागतील ते लागतील. हलक्या हाताचं काम आहे. घाईनं आरसा फुटतो.”

जिना उतरताना मी दर पायरीला पासबाईंकडे बघत होते. आमच्या टेबलावर प्रत्येकीपुढे वाकत्या मानेचा दिवा आहे. चरा शोधायचा असला की आम्ही तोच तिरका धरतो, कारण तिरक्या उजेडात केसाएवढा चरासुद्धा उठून दिसतो. खिडकीच्या उजेडात डबी कितीही फिरवा, दिसत नाही. हे मला माहीत आहे, जुळ्यांच्या आईला माहीत आहे, टेबलावरच्या सगळ्यांना माहीत आहे. शिकवलं कुणी? पासबाईंनीच. पहिल्याच आठवड्यात, माझ्या हाताला धरून.

ज्या बाईनं मालकांपुढे हट्टी सातावर ठिपका दिला नाही, तिनं आज तोंडावरची रेष न हलवता दिवसाला रात्र म्हटलं होतं. आमच्यासाठी. एका खोलीतल्या पाळण्यांसाठी.

खाली येऊन बाईंनी सगळ्यांना सांगितलं, ऑर्डर आली, आरसे काढायचेत, दिवसपाळीतच. का ते सांगताना त्या चऱ्याचंही सांगितलं. मग जुळ्यांच्या आईनं आपला दिवा उचलला, तार गुंडाळली आणि कपाटात ठेवून दिला. “नाहीतरी डोळ्यांवर येतो मेला,” म्हणाली. एकामागून एक सगळ्या उठल्या. मीही उठले.

दुसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत मी पासबाईंना गाठलं. आभार कसे मानायचे ते रात्रभर मनात जुळवलं होतं, पण तोंडाशी आलं ते एवढंच, “बाई, काल तुम्ही ते दिव्याचं...”

“कुठला दिवा?”

“नाही, म्हणजे, तुम्ही नसता तर...”

“मी नसते तर दुसरी कुणी असती. इकडे बघ.” त्यांनी माझ्या हातातली डबी घेतली. “दोरा असा तिरका नाही ओढायचा. आडवा. आणि इतका जोर कशाला लावतेस? कुणी मागे लागलंय का?” त्यांनी दोन बोटांत दोरा धरून इतका सावकाश ओढला की आरसा आपणहून सुटल्यासारखा त्यांच्या तळहातात आला. “आता जेव. पोरगीला दात येतायत, तुला अंगात ताकद हवी.”

तेवढ्यावरच माझे आभार संपले. आता मी ते दुसऱ्या रीतीनं मानते. दोरा आडवा धरते.

आरसा निघाला की झाकणात गोंदाचा बोडका गोल राहतो. त्यावर आम्ही मखमलीचा तुकडा लावतो. ही कल्पना जुळ्यांच्या आईची. साहेबांना ती इतकी आवडली की तुकडे हातानंच कापा म्हणाले. हातानं कापायचं म्हणजे अजून वेळ. आम्ही कुणी हरकत घेतली नाही. मॅडमची मधे चिठ्ठी आली, दुकानांत डब्या बऱ्या चालल्यायत, आणखी पाठवा. बऱ्या म्हणजे किती बऱ्या, पुढे काय, ते कुणी सांगत नाही. या थप्प्या संपल्यावर विभाग राहील की नाही, मला माहीत नाही. पण थप्प्या अजून उंच आहेत.

परवा आभाळ गच्च भरून आलं होतं. दुपारीच खोलीत इतका काळोख झाला की दोरा कुठे आणि बोट कुठे ते कळेना. सगळ्या खिडकीकडे तोंड करून डोळे बारीक करून बसलो होतो. साहेब आत आले आणि दारातच ठेचकाळले.

“अहो, दिवे लावा की!”

“दिव्यात चरा दिसत नाही, साहेब,” टेबलावरून पाचसहा आवाज एकदम आले.

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मग बंद कपाटाकडे. मग पासबाईंकडे. पासबाई एक डबी कानाशी धरून हलवत होत्या, जगातलं सगळं कुतूहल त्या डबीतच असल्यासारख्या. मला वाटलं, त्यांना कळलं. अजूनही वाटतं, त्यांना तेव्हा कळलं.

“बरं,” ते शेवटी म्हणाले. “मग ऊन पडेपर्यंत थांबा. डोळे बिघडवू नका.” आणि जाताना त्यांनी दार आवाज न करता लावून घेतलं.

गुंडी आता उभी राहायला लागली आहे. सुट्टीत तिला इकडे आणलं की माझ्या स्टुलाचा पाय धरून उठते, डुलते, धपकन बसते, पुन्हा उठते. अजून हात सोडत नाही. पण सोडेल, आज नाहीतर उद्या. आणि सोडेल तेव्हा मी इथेच असेन, हाताच्या अंतरावर. मधल्या वेळात मी पुढची डबी घेते, गरम हवा मारते, आरशामागे दोरा सरकवते आणि ओढते. हळू. जितकं हळू ओढता येईल तितकं हळू.